खेळता खेळता वाचन-लेखन: साडेचार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी घरी करायचे उपक्रम

ठाणे आणि नवी मुंबईतली बरीच मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात. २०२० च्या कायद्यानंतर सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण आठवड्याच्या मोजक्या तासिकांत वाचन मुरत नाही. त्यामुळे घरी घडाघडा मराठी बोलणारं मूल पुस्तक उघडलं की अडखळतं. मराठी माध्यमातल्या मुलांची अडचण निराळी असते. त्यांना बाराखडी पाठ असते, पण त्या बाराखडीचं पुढे काय करायचं हे कळत नाही.

इथे दिलेल्या सगळ्या उपक्रमांना एकच कसोटी लावली आहे: मुलाने वाचलेल्या किंवा लिहिलेल्या शब्दाने घरात काहीतरी घडलं पाहिजे. चिठ्ठी वाचली आणि खाऊ सापडला. यादीत लिहिलं आणि वाण्याकडून गूळ आला. असं झालं की मूल पुढचा शब्द आपणहून मागतं. दहा वेळा ‘क’ गिरवून घरात काहीच घडत नाही, म्हणून मुलाला कंटाळा येतो.

वेळ रोज पंधरा ते वीस मिनिटं पुरे, आणि मुलाला अजून खेळायचं असतानाच थांबायचं. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही.

साहित्य

बाजारातले महागडे संच लागत नाहीत. जुन्या लग्नपत्रिका, बुटांचा एक रिकामा खोका, जाड स्केचपेन, कात्री, मास्किंग टेप, शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लॅस्टिक, पाटी-पेन्सिल आणि दिनदर्शिकेची जुनी पानं एवढ्यावर सगळं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, आदिवासी मुलांच्या बालवाड्या खडे, बिया, पानं-फुलं अशा भोवतालच्या वस्तूंवर चालवल्या. साध्या साहित्याने शिक्षण उणं पडत नाही, हे तिथे केव्हाच दिसून आलं आहे.

अक्षरकार्डं ७ बाय ७ सेंटिमीटरची कापा. ए-फोर आकाराच्या जाड कागदातून बरोबर १२ निघतात. कार्डाच्या वरच्या कडेपासून दीड सेंटिमीटरवर शिरोरेषा काढा आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा. अक्षर त्याखाली साधारण चार सेंटिमीटर उंचीचं काढलं की वर आणि खाली दीड-दीड सेंटिमीटर जागा मात्रांसाठी उरते. शिरोरेषा कडेपर्यंत नेली की दोन कार्डं शेजारी ठेवताच रेघ जुळते आणि मुलाला सुटी अक्षरं न दिसता शब्द दिसतो. काळं किंवा गडद निळं स्केचपेन वापरा. पिवळ्या-नारिंगी रंगात अक्षराचा आकार नीट उठत नाही.

आधी कान, मग डोळे

अक्षर ओळखण्याआधी शब्दातले आवाज सुटे ऐकू यायला हवेत. हा भाग सर्रास गाळला जातो आणि पुढे ‘अक्षरं येतात पण शब्द वाचता येत नाही’ ही तक्रार सुरू होते. यातले सगळे खेळ तोंडी आहेत. भाजी निवडताना किंवा लिफ्टची वाट बघताना होतात.

पहिला खेळ जोडण्याचा. तुम्ही म्हणा ‘ना… क’, मुलाने नाकाला हात लावायचा. मग ‘का… न’, ‘मा… न’, ‘गु… ड… घा’. सुरुवातीला दोन आवाजांत अर्ध्या सेकंदाचं अंतर ठेवा आणि जमायला लागलं की ते वाढवत न्या.

दुसरा खेळ वजा करण्याचा, आणि मुलांना हाच सगळ्यांत आवडतो. ‘कपाट’मधला ‘क’ पळाला, काय उरलं? पाट. ‘सकाळ’मधला ‘स’ पळाला? काळ. ‘दगड’चा गड होतो, ‘विमान’चं मान होतं आणि ‘बटाटा’चा टाटा. पाच वर्षांच्या मुलाला तीन अक्षरी शब्दातलं पहिलं अक्षर काढता आलं तर पाया चांगला आहे असं समजा. मधलं अक्षर काढणं खूप अवघड आहे, ते सहाव्या-सातव्या वर्षासाठी राखून ठेवा.

तिसरा खेळ शब्दभेंड्यांचा. शेवटच्या अक्षरावरून नवा शब्द. मराठीत कितीतरी शब्द ‘ण’ आणि ‘ळ’ वर संपतात, पण या अक्षरांनी सुरू होणारे शब्द जवळजवळ नाहीत. म्हणून आधीच ठरवून टाका: ‘ण’ आला तर ‘न’ चालेल, ‘ळ’ आला तर ‘ल’ चालेल. नाहीतर ‘कमळ’वर खेळ बंद पडतो आणि भांडण सुरू होतं. ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासाला हा खेळ चांगला पुरतो.

टाळ्या वाजवून अक्षरं मोजताना एक अडचण येते. आपण ‘करतो’ लिहितो पण बोलतो ‘कर्-तो’. ‘कागद’ लिहिताना अक्षरं तीन, बोलताना टाळ्या दोन: का-गद्. मूल कानाने ऐकतं तसंच लिहितं, त्यामुळे ‘कर्तो’ आणि ‘बोल्ला’ असं वहीत उतरतं. हा निष्काळजीपणा नाही. कान तयार झाल्याची ती खूण आहे. लिहायच्या शब्दासाठी ‘कासवाच्या चालीने’ बोलायची सवय लावा: क, र, तो. बोलायच्या टाळ्या आणि लिहायच्या टाळ्या वेगळ्या वाजवून दाखवल्या की सहा वर्षांच्या मुलाला हा फरक समजतो.

अक्षरांचा क्रम बदला

‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सरळ जाण्यात मोठी अडचण ही, की क, ख, ग, घ येऊनही एकसुद्धा कामाचा शब्द वाचता येत नाही. त्याऐवजी ज्या अक्षरांतून लगेच घरातले शब्द बनतात ती आधी घ्या.

पहिला गट क, म, न, र, ल आणि काना. एवढ्यातच काका, मामा, नाना, मला, नाक, कान, मान, काम, लाल, मका, कमान, नमन हे शब्द होतात. पहिल्या आठवड्याच्या शेवटी मूल ‘काका, काम करा’ हे अख्खं वाक्य वाचू शकतं. काकांनी ते ऐकून खरंच उठून काम केलं तर उत्तम.

दुसऱ्या गटात ग, घ, त, ब, स घ्या. घर, बस, बाग, ताक, गरम, बाक, तबला, घागर, सरबत. ‘काका घरात बसला’ हे वाक्य आता वाचता येतं.

तिसऱ्या गटात प, ण, ळ, ट, व आणि दुसरी वेलांटी. पाणी, पाटी, टाळी, वाटी, नळ, नारळ, पणती, सावली, बटाटा. या टप्प्यावर स्वयंपाकघरातल्या वस्तूंना नावाच्या पट्ट्या लावायला सुरुवात करा.

एका गटाला आठ ते दहा दिवस द्या. गटातल्या अक्षरांपासून मुलाला तुमच्या मदतीशिवाय सहा-सात शब्द वाचता आले की पुढे सरका. छ, झ, ढ, ष ही अक्षरं कमी लागतात, ती शेवटी. सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात आणू नका: म आणि भ, घ आणि ध, ब आणि व, प आणि ष, थ आणि य. एक पक्कं झाल्यावरच दुसरं आणा, आणि मगच दोन्ही कार्डं शेजारी ठेवून फरक कुठे आहे ते बोटाने दाखवा. ‘घ’ची शिरोरेषा सलग, ‘ध’ची तुटकी आणि डावीकडे गाठ.

‘ल’ आणि ‘श’ छापील पुस्तकात एका वळणाचे आणि मोबाइलवर दुसऱ्याच वळणाचे दिसतात. दोन्ही वळणांची कार्डं करून एकाच क्लिपला लावून ठेवा. हे सांगितलं नाही तर मूल त्यांना वेगळी अक्षरं समजतं.

बाराखडी गाण्यासारखी म्हणायला काहीच हरकत नाही. मात्र ती चालीवर म्हणता येणं आणि ‘कै’ कुठेही दिसल्यावर वाचता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सरकती मात्रा

मात्रेने अक्षराचा आवाज बदलतो, हे मुलाला स्वतःच्या हाताने करून बघू द्या. पारदर्शक प्लॅस्टिकचा ७ सेंटिमीटर उंच आणि १४ सेंटिमीटर रुंद तुकडा कापा. डावा ७ सेंटिमीटरचा भाग रिकामा ठेवा. उजव्या भागात, रिकाम्या चौकोनाला चिकटून, न पुसणाऱ्या मार्करने काना काढा, वरून बरोबर दीड सेंटिमीटरवर सुरू होणारा. आता ही पट्टी ‘क’च्या कार्डावर सरकवली की कार्डाची शिरोरेषा कान्याला मिळते आणि ‘का’ होतो. तीच पट्टी ‘म’वर नेली की ‘मा’. चूक झाली तर सॅनिटायझरच्या बोळ्याने मार्कर पुसता येतो.

दुसरी वेलांटी अशीच उजवीकडे, तिचा गोल मात्र रिकाम्या चौकोनावर झुकलेला. एका मात्रेसाठी अक्षरावर रेघ, उकारासाठी अक्षराखाली.

क्रम असा ठेवा: काना, दुसरी वेलांटी, एक मात्रा, काना-मात्रा, दुसरा उकार, मग अनुस्वार. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा. ती दिसते आधी आणि बोलली जाते नंतर, त्यामुळे मूल ‘कि’ला ‘इक’ वाचतं. तिची पट्टी उलटी करा: उजवा भाग रिकामा, वेलांटी डावीकडे. आधी ‘क’चं कार्ड ठेवून ‘क’ म्हणवून घ्या आणि मगच डावीकडून वेलांटी सरकवा. चार-पाच दिवस रोज पाच मिनिटं असं केलं की गोंधळ निवळतो.

रव्याचं ताट आणि फरशीवरच्या उड्या

३० बाय २० सेंटिमीटरच्या, काठ असलेल्या ट्रेमध्ये तळाला गडद रंगाचा कागद घाला आणि त्यावर बारीक रवा पसरा. साधारण २०० ग्रॅम पुरतो, थर तीन-चार मिलिमीटरचा होतो. मूल बोटाने अक्षर काढतं, खालचा रंग उघडा पडतो, ट्रे हलवला की पाटी कोरी. थर जाड झाला तर रेघ लगेच बुजते, पातळ झाला तर नुसता कागद खरवडला जातो. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत रव्याच्या गुठळ्या होतात आणि मीठ तर ओलंच होतं. जून ते सप्टेंबर रवा कोरडा भाजून, गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, किंवा या महिन्यांत पाटीच वापरा. खेळातला रवा वेगळा ठेवा, तो स्वयंपाकात घेऊ नका.

फरशीवर कागदाची अक्षरं पसरून उड्या मारायला लावणं धोक्याचं आहे, गुळगुळीत फरशीवर कागद सरकतो आणि मूल पडतं. मास्किंग टेपने थेट फरशीवरच सहा अक्षरं काढा, प्रत्येक फरशीवर एक. तुम्ही ‘ताक’ म्हणा, मुलाने ‘ता’वर आणि मग ‘क’वर उडी मारायची. टेप दोन-तीन दिवसांत काढा, नाहीतर चिकटा राहतो. राहिलाच तर खोबरेल तेल लावून दहा मिनिटांनी पुसा. खाली राहणाऱ्यांच्या झोपेची वेळ मात्र टाळा.

मुलाचं वाक्य

एकच उपक्रम करायला वेळ असेल तर हा करा. मुलाने स्वतः बोललेलं वाक्य त्याला आधीच पाठ असतं, त्यामुळे ते वाचताना अर्थाची अडचण येत नाही. आपलं बोलणं कागदावर उतरतं हे त्याला यातूनच सगळ्यांत लवकर कळतं.

पहिल्या दिवशी दिनदर्शिकेच्या पानाची कोरी मागची बाजू घ्या. दिवसभरात काय झालं ते विचारा आणि एकच वाक्य निवडा. समजा मूल म्हणालं, ‘माझी चप्पल पावसात वाहून गेली.’ प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत तीन सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत लिहा, शब्दांमध्ये दोन बोटांची जागा सोडा. मूल जसं बोललं तसंच लिहा. ‘गेलीये’ म्हणालं असेल तर ‘गेलीये’. तुम्ही ते शुद्ध करून ‘गेली आहे’ लिहिलंत तर मूल वाचताना ‘गेलीये’च म्हणणार, आणि बोट व आवाज यांचा मेळ तुटणार. मग दोघांनी मिळून शब्दाशब्दावर बोट ठेवत तीन वेळा वाचा.

दुसऱ्या दिवशी वाक्याची पट्टी कापून पाच शब्द सुटे करा. उलटसुलट ठेवा आणि मुलाला लावू द्या. ‘पावसात माझी चप्पल वाहून गेली’ असं लावलं तर चूक म्हणू नका. मराठीत तेही बरोबर आहे. दोन्ही वाचून बघा.

तिसऱ्या दिवशी एक शब्द बदला. ‘चप्पल’ काढून ‘छत्री’, मग ‘शाळा’. माझी शाळा पावसात वाहून गेली, यावर मुलं हसून लोळतात. आता ‘डबा’ ठेवा. ‘माझी डबा’ कानाला खटकतं आणि मूल स्वतःच सांगतं की ‘माझा’ हवं, ‘गेला’ हवं. ते दोन नवे शब्द लिहून द्या. व्याकरणाचा एक पाठ झाला, आणि कोणी शिकवला नाही.

चौथ्या दिवशी मुलाने त्याच शब्दपट्ट्या समोर ठेवून स्वतःचं वाक्य लिहायचं. तीन शब्दांचं असलं तरी पुरे. वापरलेल्या पट्ट्या बुटांच्या खोक्यात टाका. महिनाभरात खोक्यात चाळीस-पन्नास शब्द जमतात आणि त्यांतून नवी वाक्यं जुळवता येतात.

घरात आगरी, कोळी किंवा आणखी कोणती बोली असेल तर मूल ‘पानी’, ‘काला’ असं म्हणेल. या उपक्रमात ‘पानी’च लिहा. माठावरच्या पट्टीवर मात्र ‘पाणी’ लिहा आणि सरळ सांगा की आपण असं बोलतो, पुस्तकात असं लिहितात. बोलीवरून मुलाला हसू नका आणि पाहुण्यांनाही हसू देऊ नका. ज्या मुलाच्या बोलण्याला नावं ठेवली जातात ते मूल लिहायचं थांबतं.

चिठ्ठ्यांचा शोध आणि लिंबू सरबत

घरात पाच चिठ्ठ्या लपवा. पहिली मुलाच्या हातात, प्रत्येक चिठ्ठी पुढच्या चिठ्ठीची जागा सांगते, पाचवीजवळ चिक्की किंवा एखादं चित्र. खेळ मुलाच्या पायरीवर बेतला तरच चालतो. नुकतंच वाचू लागलेल्याला एक शब्द द्या: ‘कपाट’, ‘पाटी’. वाक्य वाचणाऱ्याला ‘उशीखाली बघ’, ‘दारामागे बघ’. जोडाक्षरं आलेल्या मुलाला ‘ज्या डब्यात गूळ असतो त्याच्या झाकणावर शोध’. चिठ्ठीतला एखादाच शब्द अवघड असू द्या. दोन अवघड शब्द आले की मूल चिठ्ठी तुमच्या हातात देतं आणि वाचन तुमच्याकडे येतं. दुसऱ्या फेरीत मूल चिठ्ठ्या लिहील आणि तुम्ही शोधा. अक्षर लागत नसेल तर ‘मला हे कळलं नाही, वाचून दाखव’ म्हणा. लिहिलेलं दुसऱ्याला कळलं पाहिजे, ही समज इथून येते.

सरबतासाठी सहा कार्डं करा: ‘लिंबू पिळ’, ‘साखर घाल, ५ चमचे’, ‘मीठ घाल, चिमूटभर’, ‘पाणी ओत, २ पेले’, ‘ढवळ’, ‘चव बघ’. लिंबू तुम्ही कापून द्या. कार्डं पिसून द्या, मुलाने आधी क्रम लावायचा आणि मग एकेक वाचून करायचं. मध्ये काही सांगू नका. साखरेचं कार्ड राहिलं तर पहिल्या घोटाला कळेल आणि मूल परत वाचायला जाईल. ती दुसरी वाचणी फार मोलाची असते.

वाचून दाखवणं

स्वतः वाचायला लागलेल्या मुलालाही वाचून दाखवणं थांबवू नका. रोज दहा-पंधरा मिनिटं, मूल शेजारी, पान दोघांना दिसेल असं, बोट ओळीखालून सावकाश सरकतं. गोष्टीत दोन किंवा तीनच वेळा थांबा आणि विचारा, ‘आता काय होईल?’ पानापानाला प्रश्न विचारले तर गोष्टीची परीक्षा होते. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर तेच वाचा. पाठ झालेल्या मजकुरात मूल शब्द ओळखायला शिकतं.

पुढची पायरी, एक वाक्य तुम्ही आणि एक वाक्य त्याने. मूल अडलं तर चार-पाच सेकंद गप्प राहा. तरीही अडलं तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला, कारण गोष्ट तुटली की रस जातो. पुस्तक मुलाला जड आहे का हे बघायला एक पान त्याला वाचू द्या आणि न येणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोडा. पाचही बोटं संपली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं.

केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचण्याचं उद्दिष्ट आहे. घरात घड्याळ लावून ते मोजू नका. मूल धावत वाचतं आणि अर्थ सोडून देतं.

हात तयार करणं आणि लिहिणं

पेन्सिल धरण्याआधी बोटांत ताकद हवी. मटार सोलणं, मेथी निवडणं, कपड्यांना चिमटे लावणं, मोठे मणी ओवणं यांतून ती येते. ठिपक्यांची रांगोळी तर लेखनाची पूर्वतयारीच आहे. रांगोळीची चिमूट अंगठा आणि दोन बोटांची असते, पेन्सिलही त्यांनीच धरायची असते, आणि ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत रेघ नेताना हात थांबवायला शिकतो. चार बाय चारच्या ठिपक्यांनी सुरुवात करा.

मूल पेन्सिल मुठीत धरत असेल तर मेणखडूचे तीन सेंटिमीटरचे तुकडे द्या. एवढासा तुकडा मुठीत मावत नाही, बोटांच्या टोकांनीच धरावा लागतो. फार दाबून लिहिणाऱ्याला वहीच्या पानाखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या द्या. जास्त दाबलं की कागद फाटतो आणि हात आपोआप हलका होतो.

सुरुवात पाटीवर, अक्षर पाच सेंटिमीटरचं. मग चौकटीची वही, नंतर दुरेघी. एकरेघी वहीची घाई नको. अक्षर वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे, शिरोरेषा सगळ्यांत शेवटी. शब्द पूर्ण झाल्यावर एकच सलग शिरोरेषा ओढली की शब्दांतलं अंतरही नीट पडतं. प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ देणाऱ्या मुलाचे शब्द विस्कटलेले दिसतात.

लिहिण्यासाठी खरं काम द्या. वाण्याची यादी मुलाने लिहायची आणि दुकानात त्यानेच वाचायची. दूधवाल्याच्या पिशवीत ‘उद्या दूध नको’ची चिठ्ठी. डब्यांवर नावं. गावच्या आजीला पोस्टकार्ड, पत्त्यात सहा आकडी पिनकोडसह. आपला पत्ताही लिहायचा, म्हणजे आजीचं उत्तर येईल.

चुका सुधारताना एका वेळी एकच गोष्ट घ्या. या आठवड्यात फक्त शब्दांतलं अंतर, पुढच्या आठवड्यात फक्त काने सुटणं. लाल पेन नको. मुलाने ‘मि घरि गेलो’ लिहिलं तर खाली तुम्ही उत्तर लिहा: ‘मी घरी आले तेव्हा तू झोपला होतास.’ बरोबर रूप त्याच्या डोळ्यांसमोर येतं. साधारण आठव्या वर्षी एक नियम सांगा: शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ. मी, पाणी, वाटी, लाडू, पेरू. ‘आणि’, ‘परंतु’ हे अपवाद. बाकीचे नियम थांबू शकतात.

घराबाहेरचं वाचन

ठाणे-वाशी लोकलचा ट्रान्स-हार्बर मार्ग हा चालताबोलता वाचनपाठ आहे. ‘वाशी’ आणि ‘ठाणे’ सोपे. ‘रबाळे’, ‘घणसोली’ त्याच्या पुढचे. ‘ऐरोली’त ऐ भेटतो, ‘कोपरखैरणे’त दोन मात्रा. ‘तुर्भे’त रफार आहे आणि पलीकडच्या बाजूला ‘मुंब्रा’त रकार. र किती रूपांत येतो हे दाखवायला ही दोन नावं शेजारी लिहून ठेवा. घरी स्टेशनांच्या पट्ट्या करून फरशीवर रूळ मांडा, मूल गार्ड होऊन नावं पुकारेल.

२०२२ च्या कायदाबदलानंतर लहान-मोठ्या सगळ्याच दुकानांना मराठी पाटी बंधनकारक आहे, त्यामुळे ठाण्याच्या गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टरमध्ये वाचायला भरपूर मिळतं. ‘मेडिकल अँड जनरल स्टोअर्स’पासून सुरुवात करू नका, त्यात जोडाक्षरं फार. ‘पोळी भाजी केंद्र’, ‘पिठाची गिरणी’, ‘दूध’ हे आधी. शिरोरेषा गाळलेल्या नक्षीदार पाट्या सोडून द्या. छोट्या वहीत रोज तीनच शब्द उतरवायचे, आणि तेही बसस्टॉपवर उभं राहून. रस्ता ओलांडताना पाट्या वाचायच्या नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

अडलं तर

मूल ‘क, म, ळ’ म्हणतं पण ‘कमळ’ म्हणत नाही, तर ते अक्षरांमध्ये थांबतंय. दोन अक्षरी शब्दांवर परत या, पहिलं अक्षर लांबवत दुसऱ्याला भिडवा: ‘नाााक’. तोंडी जोडण्याचा खेळ पुन्हा सुरू करा.

पहिलं अक्षर बघून अंदाज ठोकत असेल, ‘बाग’ला ‘बाक’ म्हणत असेल, तर चित्र झाका आणि एकच अक्षर बदललेले शब्द शेजारी द्या: बाग, बाक, बाम.

घडाघडा वाचतं पण काय वाचलं ते सांगता येत नाही, तर मजकूर छोटा करा आणि वाचून करायच्या गोष्टी वाढवा. सरबताची कार्डं इथे फार उपयोगी पडतात.

अक्षरं उलटी काढणं सातव्या वर्षापर्यंत सर्रास दिसतं, त्याची काळजी नको. पण तिसरीत गेल्यावर आणि सहा महिने नियमित सराव होऊनही साधे शब्द अडत असतील तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. तिथे दोष नसेल तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची (वाचन-लेखन शिकण्यात येणाऱ्या खास अडचणीची) तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग चालतो. याचा बुद्धीशी संबंध नाही, हे मुलालाही स्वच्छ शब्दांत सांगा.

पुस्तकं

घरात एका वेळी पाच-सहा पुस्तकं मुलाच्या हाताच्या उंचीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी बदला. ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पायऱ्यांनुसार लावलेल्या आहेत, त्या छापून घ्या, म्हणजे मोबाइल हातात द्यावा लागत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे. वर्गणीची चौकशी करायला जाताना मुलाला बरोबर न्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. घरी आल्यावर परत करायची तारीख दिनदर्शिकेवर त्याच्याच अक्षरात लिहून घ्या.